कानाचा गुन्हा, पोटाला शिक्षा

नळदुर्गापासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरांहून लांब पडतो. गावाजवळून वाहणारी बोरी नदी पुढे भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. म्हणजे इथलं पाणीसुद्धा मुंबई-गोवा क्रूझच्या दिशेला जायला राजी नाही. तरीही बोट लागण्याच्या प्रश्नावर कोकणपट्टीपेक्षा नळदुर्गच्या एसटी स्टँडवर जास्त शहाणपण सापडेल, असं माझं मत आहे. कोळ्याला बोट लागत नाही, त्यामुळे त्याला त्यातलं काही सांगताही येत नाही. सोलापूर ते नळदुर्ग या पन्नासेक किलोमीटरांत ज्याला दोनदा खिडकीबाहेर डोकं काढावं लागतं, तो या विषयातला खरा अभ्यासक. आणि आता हा अभ्यास उपयोगी पडण्याची वेळ आली आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ ही क्रूझ मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, त्यानंतर आणखी मोठी जहाजं आली, आणि निवृत्तीचे पैसे किंवा लग्नाची पंचविशी अशा निमित्तांनी समुद्र न पाहिलेल्या तालुक्यांतली मंडळीही डेकवर हात पसरून फोटो काढायची स्वप्नं पाहू लागली. जाहिरात घरात आली की भाड्याचा प्रश्न दुसरा असतो. पहिला असतो, “आईला तुळजापूरपर्यंत गाडी लागते, तिला गोव्यापर्यंत बोट लागणार नाही का?” प्रश्न रास्त आहे. त्यावर निघणारे उपाय मात्र बघण्यासारखे असतात: हुंगायला लिंबू, चघळायला आवळासुपारी, दाढेखाली लवंग, मुठीत ओवा, निघायच्या दिवशी कडकडीत उपास, आणि एवढ्यानं भागलं नाही तर सीटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर बसणं. यातला शेवटचा उपाय सोडला (त्याचा संबंध नेमका कशाशी आहे हे वर्तमानपत्रांनाही सांगता येणार नाही), तर बाकी सगळे पोटाकडे किंवा पोटाच्या वाटेवर लक्ष ठेवून केलेले आहेत. माझं म्हणणं असं, की आपण चुकीच्या इसमाला धरलं आहे. गुन्हा घडतो कानात, डोळा त्यात खोटी साक्ष देतो आणि शिक्षा बिचारं पोट भोगतं. त्यामुळे पोटाला काय द्यावं यावर डोकं शिणवण्यापेक्षा माणसानं बसावं कुठे आणि बघावं कुठे, हे ठरवणं जास्त फायद्याचं आहे.

कान म्हणजे ऐकण्याचा अवयव, हे शाळेत शिकवलेलं अर्धसत्य आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो, आणि डोकं वळलं की त्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला वळण कळतं. त्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत चक्क चुनखडीचे बारीक कण असतात. वर-खाली आणि मागे-पुढे होणारी हालचाल, शिवाय जमीन कोणत्या बाजूला आहे हे, त्या कणांच्या वजनामुळे समजतं. निसर्गानं माणसाला जन्मतःच कानात चुना लावून पाठवलं आहे, तेव्हा पुढे आयुष्यात काय होणार याची कल्पना द्यायला हरकत नव्हती. आता क्रूझच्या खोलीत बसलेल्या माणसाची अवस्था बघा. कान सांगतो, आपण वर गेलो, खाली आलो, डावीकडे कललो. डोळा सांगतो, समोर भिंत आहे, भिंतीवर आरसा आहे, सगळं जागच्या जागी आहे. एकाच गावाबद्दल तलाठ्यानं अहवाल द्यावा की पूर आला आणि ग्रामसेवकानं कळवावं की दुष्काळ आहे, तसा हा प्रकार. तहसीलदार असलेल्या मेंदूनं खरं तर जागेवर जाऊन पाहणी करायला हवी, पण कवटीबाहेर जाण्याची त्याला परवानगी नाही. मग तो जुन्या फायली काढतो. मिशेल ट्राइसमन या संशोधकानं १९७७ साली मांडलेल्या अंदाजाप्रमाणे त्या फायलीत एकच नोंद असते: डोळा आणि कान एकमेकांच्या विरुद्ध बोलायला लागले, तर या प्राण्यानं काहीतरी विषारी खाल्लेलं असावं. लाखो वर्षं माणूस जंगलात राहिला, तेव्हा हा अंदाज बहुतेक बरोबरच येत असणार. म्हणून आदेश सुटतो की पोट रिकामं करा. पोटातला सकाळचा उपमा संपूर्ण निर्दोष असतो, पण आदेश वरून आलेला असल्यामुळे त्याला बाहेर जावं लागतं.

पाण्यावरही विनाकारण संशय घेतला जातो, म्हणून त्याची बाजू आधी निकालात काढू. आणि त्यासाठी नळदुर्गच्या किल्ल्याइतका चांगला साक्षीदार महाराष्ट्रात नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, इथे बोरीला बांध घातला गेला आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नदी भरली की नर-मादी धबधबे बांधावरून कोसळतात आणि माणूस पाण्याच्या पडद्याआड, महालाच्या आत कोरडा उभा राहतो. वर पाणी, समोर पाणी, कानठळ्या बसवणारा आवाज, अंगावर तुषार, आणि तरी चारशे वर्षांत पाणीमहाल कुणाला ‘लागला’ अशी तक्रार नाही. कारण दगडी बांध हलत नाही. डोळ्यानं कितीही पाणी पाहिलं तरी कानातला चुना शांत असतो. याच जागी दुसरी गोष्टही तपासून घ्यावी. धबधब्याच्या एकाच ठिकाणी मिनिटभर टक लावून बघायचं आणि मग नजर शेजारच्या काळ्या भिंतीवर न्यायची. भिंत हळूहळू वर सरकताना दिसते. रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाच्या गृहस्थानं १८३४ मध्ये स्कॉटलंडच्या फॉयर्स धबधब्यापाशी हे पाहून लिहून ठेवलं आणि पुढे या भ्रमाला धबधब्याचं नाव मिळालं. अ‍ॅडम्स नळदुर्गला आला असता तर त्याला एकावर एक धबधबा फुकट मिळाला असता. सांगायचं एवढंच, की आदिलशाही चिरेबंदी भिंत उभ्या जागी चालू लागल्याचं जो डोळा बिनदिक्कत सांगतो, त्या डोळ्याची साक्ष किती मानायची ते मेंदूनं ठरवायला हवं. मेंदू मात्र ती मानतो, ही त्याची जुनी खोड आहे.

कानावर आरोप ठेवायचा तर पुरावा हवा, आणि तो भरपूर आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये शेकडो बधिर लोकांकडे चौकशी करून दाखवलं की त्यांच्यातल्या पुष्कळांना गरगर फिरवलं तरी चक्कर येत नाही, आणि खवळलेल्या समुद्रात गेलेल्यांना बोटही लागत नाही. पुढे अंतराळयुगाच्या तोंडावर अमेरिकेच्या नौदलानं गॅलॉडेट कॉलेजातली अकरा बधिर माणसं प्रयोगासाठी घेतली. त्यांच्यापैकी बहुतेकांचा आतला कान लहानपणी मेंदूज्वरानं निकामी झालेला होता. एका प्रयोगात त्यांना नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्याबाहेर, लाटा उसळत असताना, फेरीबोटीवर नेलं. ती मंडळी निवांत पत्ते कुटत बसली. त्यांच्या ओकाऱ्यांची नोंद करायला आलेले शास्त्रज्ञच असे आडवे झाले की प्रयोग गुंडाळावा लागला. पोट सगळ्यांचं सारखंच होतं. फरक होता तो कानाचा. दुसरा पुरावा तर आणखी आपल्या ओळखीचा आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९४७ मध्ये अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईंना अ‍ॅलर्जीचं नवं औषध दिलं होतं. पित्ताचं काय झालं ते झालं, पण नेहमी ट्राममध्ये मळमळणाऱ्या त्या बाईंना ट्राम लागायची बंद झाली. डॉक्टरांनी ते औषध त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेल्या, सैनिकांनी भरलेल्या जहाजावर वापरून पाहिलं आणि समुद्रावरही ते चाललं. बोटीवरचा विसाव्या शतकातला एक नामांकित इलाज शहरातल्या ट्राममध्ये सापडला, याचा अर्थ नळदुर्गकरांनी नीट समजून घ्यावा. गाडी लागणं आणि बोट लागणं हे दोन रोग नाहीत. ज्याला पहिल्याचा अनुभव आहे त्याला दुसऱ्याची तयारी घरबसल्या करता येते.

इथे एक उत्साही आक्षेप येतो: “मग आमची तयारी झालेलीच आहे. आमच्या रस्त्यांवरचे खड्डे पचवले त्याला समुद्र काय करणार?” दुर्दैवानं खड्डे या खटल्यात निर्दोष सुटतात. मळमळ कोणत्या हालचालीनं होते याचे प्रयोग झाले आहेत. साधारण पाच सेकंदांत एकदा वर जाऊन खाली येणारी संथ हालचाल सगळ्यात वाईट. सेकंदाला एक-दोन धक्के बसत असतील तर मळमळ फारशी होत नाही. म्हणून माणूस चालताना, धावताना, घोड्यावर दौडताना ओकत नाही, जरी घोड्याच्या मताविषयी खात्री देता येत नाही. खड्ड्यातून उडणारी एसटी मणक्याचे प्रश्न निर्माण करते, टिफिनचे झाकण उघडते, शेजाऱ्याशी ओळख करून देते, पण ओकारी तिच्यामुळे येत नाही. ओकारी येते ती वळणांवर, चालक गाडी सावकाश डावी-उजवीकडे लोटतो तेव्हा, आणि पुन्हापुन्हा ब्रेक लागतात तेव्हा. चांगला रस्ता, मऊ स्प्रिंगा, बंद काचा आणि वातानुकूलन असलेली आरामदायी गाडी म्हणूनच लाल डब्यापेक्षा जास्त जणांना आडवं करते. क्रूझ ही या आरामाची शेवटची पायरी. तिच्यावर धक्का असा बसतच नाही. फक्त पाच-सात-दहा सेकंदांचा हेलकावा असतो, अगदी सभ्य, अगदी मापात. “मोठ्या जहाजांना स्थिरक बसवलेले असतात” असं तिकीट विकणारे सांगतात आणि ते खोटं नसतं. पाण्याखाली बाजूंना बसवलेले ते पंख जहाजाचं डावं-उजवं कलणं बरंच कमी करतात. पण अख्खं जहाज वर उचललं जातं आणि खाली बसतं, त्याला ते काही करू शकत नाहीत, आणि मळमळीचा खरा कारखाना तोच आहे. एक मात्र मान्य करायला हवं, की हिवाळ्यातल्या शांत समुद्रात मोठ्या जहाजावर बहुतेकांना काहीही होत नाही. हा लेख उरलेल्यांसाठी आहे आणि उरलेल्यांच्या शेजारी बसणाऱ्यांसाठी.

आता मुख्य मुद्दा. एसटीच्या चालकाला गाडी लागलेली कुणी पाहिली आहे का? रस्ता तोच, वळणं तीच, डिझेलचा वास त्यालाच जास्त, जेवण बहुधा ढाब्यावरचं, तरी त्याचं पोट ठणठणीत. कारण वळण येण्याआधी ते त्याला माहीत असतं. स्टिअरिंग त्याच्याच हातात असतं. मेंदूनं ‘आता उजवीकडे जायचं’ असा हिशोब आधीच मांडून ठेवलेला असतो, कान तेच कळवतो, डोळा तेच दाखवतो, कुणाचंच कुणाशी वाजत नाही. मार्क टर्नर आणि मायकल ग्रिफिन या ब्रिटिश संशोधकांनी बसच्या तीन हजारांहून जास्त प्रवाशांची पाहणी करून १९९९ मध्ये जे छापलं, ते नळदुर्गच्या स्टँडवर कुणीही सांगितलं असतं: ज्यांना पुढचा रस्ता दिसत नव्हता त्यांना, ज्यांना तो नीट दिसत होता त्यांच्यापेक्षा सुमारे तिपटीनं जास्त त्रास झाला. खिडकीतून रुमाल टाकून पुढची सीट धरणारा माणूस अडाणी, आपमतलबी आणि रांगेचा शत्रू मानला जातो. मागच्या चाकावरची सीट वर-खाली जास्त होते आणि तिथून समोरच्याचं टक्कल सोडून काही दिसत नाही, हे ध्यानात घेतलं तर तो रुमाल म्हणजे वैद्यकीय उपचार आहे. क्रूझवर मात्र याच्या नेमकं उलट सगळं मांडलेलं असतं. प्रवाशाला पुढचं काही दिसू नये, कळू नये, करावं लागू नये, यालाच तिथे चैन म्हणतात. सिनेमागृह जहाजाच्या पोटात, कॅसिनो बिनखिडकीचा, नाटकाचा पडदा डोळ्यांपुढे स्थिर आणि खुर्ची हलणारी. हातात पुन्हा मोबाइल. हाताएवढ्या अंतरावरच्या न हलणाऱ्या पडद्यावर नजर लावून हलत्या जागी बसणं, हे डोळ्याला खोटं बोलायला शिकवणंच झालं. तुळजापूरच्या घाटात रील बघणाऱ्या पोराचा चेहरा ज्यांनी हिरवा होताना पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

यातून क्रूझवर जागा निवडण्याचा जो नियम निघतो, तो मराठवाड्यातल्या माणसाच्या मनाला विशेष गार करणारा आहे. लाटेवर जहाज पुढे-मागे डोलतं तेव्हा टोकं सगळ्यात जास्त वर-खाली होतात आणि मध्य कमीत कमी. बाजूंना कलतं तेव्हा वरचे मजले जास्त झुलतात, खालचे कमी. म्हणजे सगळ्यात स्थिर जागा जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर. आणि तिथल्या बिनखिडकीच्या खोल्या बहुधा सगळ्यात स्वस्त असतात. वरच्या मजल्यावर, टोकाला, बाल्कनीसकट जो आलिशान कक्ष असतो त्याच्यासाठी माणूस कैकपट पैसे मोजतो आणि त्याबदल्यात त्याला हेलकावेही कैकपट मिळतात. पैशाच्या प्रमाणात माल देणारा व्यवहार म्हणून तो प्रामाणिकच म्हणायचा. यावर हुशार वाचक अडवेल: “खालच्या खोलीला खिडकी नाही. मग तुमचा पुढचा रस्ता दिसण्याचा सिद्धांत कुठे गेला?” अडवणूक योग्य आहे. उत्तर असं, की स्वस्त खोली झोपण्यापुरती घ्यावी. उताणं पडून डोळे मिटले की साक्षीदारांपैकी एक जण बाहेर जातो आणि भांडण निम्मं होतं. डोकंही स्थिर राहतं. जागेपणी मात्र खोलीत थांबायचं नाही. मधल्या भागातल्या उघड्या डेकवर जायचं, वारा अंगावर घ्यायचा आणि क्षितिजाकडे बघायचं. समुद्रावर पुढचा रस्ता म्हणजे ती एकच रेघ, पण ती हलत नाही. जहाज तिच्या संदर्भानं हललेलं डोळ्याला दिसतं आणि कानाला ते आधीच कळलेलं असतं. दोघांचा जबाब जुळला की तक्रार मिटली. रात्री क्षितिज दिसत नाही म्हणून डेकवर ताटकळण्यात अर्थ नाही, खाली जाऊन झोपावं. वरच्या कक्षातल्या साहेबांपेक्षा आपण निम्म्या पैशात सुखी आहोत, या जाणिवेनं झोप चांगली लागते. या जाणिवेचं वैद्यकीय महत्त्व अजून कुणी तपासलेलं नाही.

“हे सगळे मनाचे खेळ आहेत, मन घट्ट केलं की काही होत नाही,” असं सांगणारा एक काका प्रत्येक कुटुंबात असतो, आणि तो बहुधा गाडी चालवत असतो. त्याला दोन नावं सांगावीत. ट्रफल्गारची लढाई जिंकणारा ब्रिटिश दर्यावर्दी होरेशियो नेल्सन आयुष्यभर जहाजावर होता आणि आयुष्यभर त्याला बोट लागत होती. त्याच्या मनाच्या घट्टपणाबद्दल शंका घेणाऱ्या फ्रेंचांचं काय झालं ते इतिहासात आहे. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी जवळपास पाच वर्षं ‘बीगल’वर होता आणि समुद्र खवळला की तो आडवाच असे, जीवसृष्टीचं कोडं त्यानं सोडवलं, पण मळमळीपुढे त्यानं हात टेकले. कुत्र्यांनाही गाडी लागते, आणि कुत्र्याला कुणी मनाचे श्लोक शिकवून उपयोग होत नाही. उलट दोन वर्षांच्या आतल्या बाळांना ती क्वचितच लागते, शाळकरी वयात सगळ्यात जास्त लागते, म्हातारपणी कमी होते. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त लागते आणि अर्धशिशी असणाऱ्यांना त्याहून जास्त. हे सगळं मनाच्या बळावर मोजायचं तर तान्ही बाळं सगळ्यात खंबीर ठरतात. एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे: जन्मांध माणसांनाही बोट लागते, मग डोळ्याच्या खोट्या साक्षीचा आरोप टिकतो कसा? टिकतो, पण जरा दुरुस्त करून घ्यावा लागतो. डोळा हा सराईत खोटारडा असला तरी एकटा नाही. कानातल्या नळ्या एक सांगतात आणि चुनखडीच्या पिशव्या दुसरं, असंही होतं. शिवाय मेंदूनं जे अपेक्षिलं आणि जे झालं यांत अंतर पडलं तरी गडबड पुरते. भांडण कुणाकुणाचं हे बदलतं. भांडणच कारण आहे हे बदलत नाही.

पोट निर्दोष आहे म्हणून त्याचे हाल करावेत असं नाही. मळमळ सुरू झाली की वास सहन होत नाहीत, डिझेल आणि तळणीचा वास तर आगीत तेल. पण आग आधी लागलेली असते. कडकडीत उपास करून जहाजावर चढणंही शहाणपणाचं नाही, रिकाम्या पोटी मळमळ बरी होत नाही आणि ओकायला काही नसताना आलेली ओकारी जास्त छळते. थोडं, कोरडं, कमी तेलाचं खावं. डार्विनच्या पोटात अशा वेळी मनुका आणि बिस्किटं तेवढी टिकत. नळदुर्गकरानं त्यापुढे जाऊन पिशवीत कडक भाकरी न्यावी. सोलापूर-धाराशिवच्या पट्ट्यात ती महिनाभर टिकावी म्हणूनच भाजतात आणि क्रूझच्या चाळीस पदार्थांच्या बुफेपेक्षा ती पोटाशी जास्त सभ्यपणे वागेल. शेंगाचटणी बरोबर असली तर चिमूटभरच. (चिमूट म्हणजे सोलापूरची नव्हे, पुण्याची.) आलं आणि सुंठ यांना मात्र थोडा मान द्यायला हवा. १९८२ मध्ये फिरत्या खुर्चीवर आणि १९८८ मध्ये डॅनिश नौदलाच्या शिकाऊ खलाशांवर आल्याचे प्रयोग झाले, खलाशांच्या ओकाऱ्या काही प्रमाणात कमी झाल्या. पुढचे निकाल सगळे एका सुरात नाहीत, तरी आलेपाकाची वडी तोंडात ठेवण्यानं नुकसान होत नाही. मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्यांचा पुरावा त्याहून डळमळीत आहे. आणि जहाजावरच्या बारबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो: दारू रक्तातून आतल्या कानात जाते, तिथल्या नळ्यांतला एक मऊ पडदा भोवतीच्या द्रवापेक्षा हलका करते आणि मग माणूस स्थिर पडलेला असला तरी कान फिरत असल्याची खबर देतो. ज्यांना जमिनीवर हे सुख मिळतं त्यांनी समुद्राचे पैसे वाया घालवू नयेत.

“एवढ्या भानगडी कशाला, एक गोळी घेतली की झालं,” हा शेवटचा आक्षेप, आणि तो बऱ्यापैकी खरा आहे. अ‍ॅव्होमिनची गोळी महाराष्ट्रातल्या किती सहली तारून गेली याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. पण ती लोक घेतात कधी? पहिली ओकारी आल्यावर. तेव्हा पोटाचं दार उलट्या दिशेनं उघडलेलं असतं आणि गोळी उपम्याबरोबर निघून जाते. अशा गोळ्या निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायच्या असतात, त्या पोटासाठी नसून मेंदूसाठी असतात, म्हणूनच त्यांनी झोप येते. दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नये; काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळी घेऊन डेकवर जाऊन कठड्याशी डुलक्या काढू नयेत, हेही त्यातच आलं. या औषधांत सगळ्यात जुनं आणि जोरदार एक म्हणजे स्कोपोलामिन. परदेशात त्याची टिकली कानामागे चिकटवतात. हे द्रव्य धोत्र्यात असतं, जो नळदुर्गाच्या तटाखाली, उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला कुठेही उगवतो. गंमत अशी, की ज्या विषानं डोळे, डोकं आणि तोल सगळं एकदम बिघडतं, त्याचाच मोजून-मापून काढलेला कण मेंदूचा ‘विष खाल्लं’ हा संशय मिटवतो. म्हणून कुणी धोत्र्याचं बोंड खिशात टाकून क्रूझला निघेल तर त्याला बंदरावर नव्हे, थेट सिव्हिल हॉस्पिटलात पोचवावं लागेल. एका बोंडात किती विष आहे हे झाडालाही ठरवता येत नाही, आणि ते खाऊन माणसं मरतात. धोत्रा महादेवासाठी ठेवावा, त्यांना पचतो.

राहता राहिला सवयीचा उपाय, जो सगळ्यांत खात्रीचा आणि क्रूझसाठी सगळ्यांत निरुपयोगी. दोन-तीन दिवस समुद्रावर काढले की बहुतेकांचा मेंदू नवा हिशोब शिकतो आणि मळमळ थांबते. मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी १८५३ ते १८५७ अशी वर्षं नळदुर्गला उपायुक्त म्हणून राहिला. तो १८२४ मध्ये पंधरा वर्षांचा असताना शिडाच्या जहाजानं आफ्रिकेला वळसा घालून मुंबईत उतरला होता. त्या काळात असा प्रवास महिनोन् महिने चाले. पहिले तीन दिवस लोटांगण घातलं तरी उरलेला वेळ ताठ उभं राहायला मोकळा. मुंबई-गोवा क्रूझ मात्र एका-दोन रात्रींची. मेंदूची समजूत पटते तेव्हा जहाज धक्क्याला लागलेलं असतं आणि वेटर बिल घेऊन उभा असतो. त्यामुळे सवयीवर भिस्त न ठेवता हंगाम तरी निवडावा. पावसाळ्यात समुद्र उधाणलेला असतो आणि तेव्हाच नर-मादी धबधबे रंगात येतात, तेव्हा ते दिवस पाणीमहालासाठी ठेवावेत. नारळी पौर्णिमा होऊन दर्या शांत झाला की डिसेंबर-जानेवारीत मुंबई गाठावी. आणि मेंदूला समुद्राची सवय लागलीच, तर जमिनीवर उतरल्यावर तो एक-दोन दिवस ती सोडायला तयार नसतो. उभ्या जागी धरणी झुलते आहे असं वाटतं. हे बहुतेकांचं आपोआप थांबतं. महिनाभर थांबलं नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. तोवर सोलापूरच्या स्टँडवर फलाट हलताना दिसला तर घाबरू नये. नळदुर्गची गाडी हलताना दिसली, तर मात्र आधी धावावं.